शेती आली, औषधं आली, मग माणसाची उत्क्रांती थांबली का?

प्रश्न : हिरवाचाफा

गावातल्या वाचनालयात अकरावी-बारावीच्या मुलांसाठी विज्ञानमंडळ चालतं. पुढच्या सत्राला ‘माणूस अजून उत्क्रांत होतोय का?’ हा विषय आहे. मुलांच्या बोलण्यात तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. त्यांची नेमकी, उदाहरणासह उत्तरं हवी आहेत.

एक, घरं, लसी, दवाखाने आल्यापासून नैसर्गिक निवड बंद पडली, असं म्हणता येईल का? दोन, गोडाची ओढ, मुलंबाळं हवीशी वाटणं या प्रेरणा ‘जनुकातच असतात’ असं सर्रास म्हणतात. त्यात कितपत तथ्य आहे? तीन, भविष्यातला माणूस म्हणून मोठं डोकं आणि काडीसारखे हातपाय दाखवणारी चित्रं फिरतात, त्यांना काही आधार आहे का?

शिवाय तासाभरात होणारा, स्वस्तातल्या सामानावरचा एखादा प्रयोग सुचवा. प्रयोगशाळा नाही. गणित बारावीपर्यंतचं चालेल.

उत्तर १ : विरजण

पहिल्या प्रश्नासाठी दुधापासून सुरुवात करा. शेती-पशुपालनाने निवड थांबवली नाही, उलट नवी निवड सुरू केली, याचा सगळ्यात भक्कम पुरावा तिथे आहे.

सस्तन प्राण्यांची पिल्लं दूध पचवतात ती लहान आतड्यातल्या लॅक्टेज या विकरामुळे (एन्झाइममुळे). अंगावरचं दूध सुटलं की हे विकर कमी बनू लागतं. माणसातही मूळ स्थिती हीच, आणि जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांमध्ये आजही असंच होतं. म्हणजे मोठेपणी दूध न पचणं हा आजार नाही. पचणं हा नंतर आलेला बदल आहे.

हा बदल लॅक्टेजच्या जनुकात झालेलाच नाही. दुसऱ्या गुणसूत्रावर त्या जनुकाच्या अलीकडे डीएनएच्या सुमारे १४,००० अक्षरांवर, शेजारच्या एमसीएम६ जनुकाच्या पोटात, लॅक्टेजचं काम चालू-बंद करणारा एक तुकडा आहे. त्यात १३,९१० व्या जागी ‘सी’ऐवजी ‘टी’ आलं की मोठेपणीही विकर बनत राहतं. हे २००२ मध्ये फिनिश कुटुंबांच्या अभ्यासातून कळलं. पुढे २००७ मध्ये टांझानिया-केनियाच्या पशुपालकांत १४,०१० व्या जागचा बदल सापडला. अरबस्तानात तो १३,९१५ व्या जागी आहे. तीन ठिकाणी तीन वेगळे बदल, परिणाम एकच, आणि तिन्हीकडे गुरं किंवा उंट पाळणारे लोक. भारतातल्या २,२०० हून अधिक लोकांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ‘टी’चं प्रमाण सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास निघालं, वायव्येकडे जास्त, दक्षिणेला आणि पूर्वेला कमी. त्याच्या आजूबाजूचा डीएनए युरोपीय लोकांसारखाच होता, म्हणजे दोन्हीकडचा ‘टी’ एकाच उगमाचा.

इथे एक घाई टाळा. ‘दूध पौष्टिक, म्हणून पचवणारे टिकले’ हे पुरेसं नाही. युरोपातल्या साडेपाचशेहून अधिक उत्खननस्थळांच्या खापरांतले चरबीचे अंश आणि प्राचीन डीएनए एकत्र ताडून पाहणारा अभ्यास २०२२ मध्ये आला. दुधाचा वापर सुमारे ९,००० वर्षांपूर्वीपासून दिसतो, पण हा बदल सर्रास आढळू लागतो तो जेमतेम ३,००० वर्षांपूर्वी. मधली हजारो वर्षं लोक न पचवताच दूध वापरत होते! धडधाकट माणसाला त्याने पोट डब्ब होणं, गुडगुडणं, फार तर जुलाब, एवढंच होतं. दुष्काळात मात्र साठवणीतलं चीज-दही संपून कच्चं दूधच उरतं, आणि खंगलेल्या शरीराला तेच जुलाब जिवावर बेततात. दुष्काळ आणि साथीच्या काळांतच निवड कठोर झाली, हे गृहीतक त्या आकडेवारीला दुधाच्या रोजच्या वापरापेक्षा चांगलं जुळलं.

दुसरी वाट मंगोलियात दिसते. तिथे दुधाचे पदार्थ भरपूर, पण हे बदल फार थोड्यांत. काम जनुकाऐवजी आंबवण्याने होतं. मुलांना आपल्या स्वयंपाकघरातले आकडे द्या. २०० मिली दुधात ९ ते १० ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते. विकर नसलेल्या बहुतेक प्रौढांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत सोसतं. विरजण लागताना साधारण पाव हिस्सा लॅक्टोज जिवाणू संपवतात, आणि दह्यातले जिवंत जिवाणू पोटात गेल्यावरही आपलं विकर पुरवतात. म्हणून दही बाधत नाही अशा माणसाला कढी बाधू शकते, कारण उकळल्यावर ते विकर निकामी होतं. चक्का टांगला की लॅक्टोज निवळीबरोबर गळून जातं. खव्यात उलट: पाच लिटर दूध आटून किलोभर खवा होतो, त्यामुळे १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर लॅक्टोज येतं.

मुलांनी यावरून स्वतःचं निदान मात्र करू नये. जुलाबाच्या आजारानंतर काही आठवडे विकर तात्पुरतं घटतं, त्याचा या बदलाशी संबंध नाही. खरी तपासणी श्वासातल्या हायड्रोजनची: उपाशीपोटी २५ किंवा ५० ग्रॅम लॅक्टोज देऊन पातळी २० पीपीएमने (दशलक्षात २० भागांनी) वाढते का ते बघतात. महिनाभरात प्रतिजैविकं घेतली असतील तर तीही फसते, कारण हायड्रोजन सोडणारे जिवाणूच मेलेले असतात.

उत्तर २ : लालपेशी

वरच्या उत्तराला पूर्ण अनुमोदन. प्रयोगासाठी मी सिकलसेल घेईन, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा वंशागत आजार. महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात आणि नंदुरबारकडे, हा घराघरातला प्रश्न आहे, आणि गणित सुटसुटीत आहे.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच बदल. एका पालकाकडून आला तर व्यक्ती वाहक (एएस), दोघांकडून आला तर रुग्ण (एसएस). दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी रुग्ण २५ टक्के, वाहक ५० टक्के, पूर्ण सामान्य २५ टक्के, अशी शक्यता. फॅल्सिपेरम या परजीवीमुळे होणाऱ्या मलेरियाच्या तीव्र स्वरूपापासून वाहकांना सुमारे ९० टक्के संरक्षण मिळतं. म्हणून मलेरियाच्या मुलखात हे जनुक टिकलं. या निवडीमागेही शेती आहे. पश्चिम आफ्रिकेत जंगल तोडून शेती झाली, उन्हातली डबकी वाढली, त्यात अ‍ॅनोफिलिस डास माजले, आणि सिकल जनुक पसरलं. हा दुवा १९५८ मध्येच मांडला गेला.

सामान (प्रत्येक गटाला): सारख्या आकाराचे पांढरे आणि लाल मणी, २०० मण्यांचे दोन डबे, वही. चवळी-राजमा घेऊ नका, बोटांना फरक कळतो आणि निवड आंधळी राहत नाही. पांढरा म्हणजे सामान्य जनुक, लाल म्हणजे सिकल.

अर्ध्या गटांनी प्रत्येक डब्यात २० लाल आणि १८० पांढरे ठेवावेत, उरलेल्यांनी ८० लाल आणि १२० पांढरे. न बघता दोन मणी काढा, जोडी लिहा, मणी परत टाका, डबा हलवा. प्रत्येक डब्यातून ५० अशा गटाच्या १०० जोड्या झाल्या की एक पिढी झाली. मग नियम लावा: लाल-लाल जोड्या सगळ्या खोडा. पांढऱ्या-पांढऱ्यांपैकी दर पाचवी खोडा (मलेरिया). मिश्र एकही खोडू नका. उरलेल्या जोड्यांतले लाल मणी मोजा, एकूण मण्यांनी भागा, २०० ने गुणा, आणि दोन्ही डबे त्या प्रमाणात नव्याने भरा.

८० लालवाल्यांचं पहिल्या फेरीचं अपेक्षित गणित असं: पांढऱ्या ३६ जोड्या, मिश्र ४८, लाल १६. लाल सगळ्या गेल्या, पांढऱ्यांतल्या ७ गेल्या. उरल्या २९ आणि ४८, म्हणजे १५४ मण्यांत ४८ लाल. २०० मध्ये ६२. दुसरीकडे २० लालवाल्यांचे २२ होतात. सहाव्या फेरीअखेर पहिले ३९ च्या आणि दुसरे २८ च्या आसपास येतात. दोघांचं लक्ष्य एकच: सामान्यांचं नुकसान भागिले दोन्ही नुकसानांची बेरीज, म्हणजे ०.२ ÷ (०.२ + १) = एक षष्ठांश, २०० मध्ये ३३.

आता सगळ्यांनी ३३ वर यावं आणि मलेरिया ‘काढावा’: पांढऱ्या जोड्या खोडणं बंद, लाल-लाल चालूच. जनुकाचं प्रमाण निम्मं व्हायला १ भागिले सुरुवातीचं प्रमाण, इतक्या पिढ्या लागतात. इथे सहा. सहा फेऱ्यांनी १६-१७ लाल उरले पाहिजेत. एका फेरीला चार मिनिटं धरा, बारा फेऱ्या तासात बसतात.

मणी परत न टाकता डबा रिकामा केला तर प्रत्येक फेरीत सगळे लाल मणी मोजणीत येतातच, आणि निव्वळ योगायोगाने होणारी घट-वाढ जवळजवळ नाहीशी होते. ती दिसायला हवी. आणि मुलं हमखास म्हणतील, ‘मलेरिया होता म्हणून शरीराने हा बदल करून घेतला.’ तिथे थांबून डबा दाखवा. मणी रंग बदलत नाहीत. कुठल्या जोड्या उरल्या एवढंच बदललं.

वर्गात कोण वाहक आहे हे विचारू नका, हात वर करायला लावू नका. कुणाला तपासणी करायची असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणीपासून सुरुवात होते. ती वाहक आणि रुग्ण यांत भेद करू शकत नाही, त्यासाठी पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते.

उपप्रश्न : पायवाट

या प्रयोगाच्या शेवटी एखादा मुलगा विचारणारच: मग रुग्णांना वाचवून आपण पुढच्या पिढ्यांची जनुकं बिघडवतो आहोत का? हा प्रश्न ऐकायला कठोर वाटतो, पण सरळ उत्तर द्यायला हवं.

उत्तर ३ : लालपेशी

नाही, आणि हे भावनेने सांगायची गरज नाही, गणितच सांगतं.

एखाद्या दुर्मिळ अप्रभावी (दोन्ही पालकांकडून जनुक आलं तरच होणाऱ्या) आजाराच्या जनुकाचं प्रमाण शंभरात एक आहे असं धरा. दहा हजार लोकांत रुग्ण एक, वाहक १९८. जनुकाच्या २०० प्रतींपैकी १९८ धडधाकट माणसांत आहेत, रुग्णात दोनच. त्या एका रुग्णाला मूल झालं काय किंवा न झालं काय, साठा हलत नाही. एकाही रुग्णाला मूल झालं नाही तरी प्रमाण निम्म्यावर यायला शंभर पिढ्या, म्हणजे अडीच हजार वर्षं लागतील. विसाव्या शतकात ‘वंशसुधारणे’च्या नावाखाली अमेरिकेत आणि जर्मनीत लोकांची सक्तीने नसबंदी झाली. तिची नीती तर भयानक होतीच, गणितही चुकीचं होतं. मुलांना दोन्ही कळायला हवं.

आणखी एक मुद्दा. दोन वाहकांनी एकमेकांशी लग्न टाळलं तर रुग्ण जन्मत नाहीत, पण त्यामुळे जनुक कमी होत नाही, उलट टिकतं, कारण लाल-लाल जोडी बनतच नाही आणि काहीच खोडलं जात नाही. मलेरियाविना करून बघा: डब्यातले सगळे मणी बाहेर काढा, प्रत्येक लाल मण्याला पांढराच जोडीदार द्या, उरलेल्या पांढऱ्यांच्या आपसांत जोड्या लावा, लाल मण्यांचा आकडा जिथल्या तिथे राहील. समुपदेशनाचा हेतू वेदना टाळणं हा आहे. २०२३ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय मोहीम २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलन म्हणते, त्यातही लक्ष्य आजाराचं आहे. जनुकं वेचून काढणं हे आरोग्यव्यवस्थेचं काम नाही आणि नसावं.

उत्तर ४ : अन्नमार्ग

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. कुठल्याही प्रेरणेबद्दल बोलताना दोन प्रश्न वेगळे ठेवा: ती आत्ता शरीरात कशी चालते, आणि ती मुळात का टिकली. माणूस पुढची पिढी डोळ्यांसमोर ठेवून पेढा उचलत नाही. त्याला तो आवडतो, इतकंच. ज्यांना पिकलेलं फळ आणि मध आवडला त्यांना ऊर्जा मिळाली, म्हणून आवड टिकली.

गोडी ही साखरेत नसते, ती चाखणाऱ्यात असते. मांजराला गोड कळतच नाही, कारण जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या ग्राहकाच्या (रिसेप्टरच्या) दोन भागांपैकी एकाचं जनुक मार्जारकुळात मोडलेलं आहे. माणसाची नवजात बाळं मात्र साखरेच्या पाण्याला लगेच प्रतिसाद देतात. म्हणजे ओढ जन्मजात आहे. पण किती साखर, कशात, दिवसातून कितीदा, हे सगळं संस्कृती ठरवते. बाजारातल्या ३०० मिली थंड पेयात ३० ग्रॅमच्या वर साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकूण ऊर्जेच्या दहा टक्के, म्हणजे २,००० कॅलरींच्या आहारात ५० ग्रॅम, आणि शक्यतो २५. पातळ पदार्थातली साखर घन अन्नाइतकं पोट भरल्याची जाणीव देत नाही, म्हणून पुढचं जेवण त्या मानाने घटत नाही.

इथून लोक थेट ‘दुष्काळात टिकायला आपली जनुकं काटकसरी झाली, म्हणून मधुमेह’ इथे उडी मारतात. हे गृहीतक १९६२ चं आहे आणि आकर्षक आहे, पण त्याला मोठी भोकं आहेत. दुष्काळात मुख्यतः लहान मुलं आणि म्हातारी माणसं दगावतात, आणि ती लठ्ठपणाच्या अभावी नव्हे तर बहुधा रोगांनी. शिवाय निवड खरोखर इतकी तीव्र असती तर आज बारीक राहणारी माणसं उरलीच नसती.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातून १९९३ मध्ये सुरू झालेला मातापोषण अभ्यास इथे मोलाचा आहे. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५. स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली. बाळ दिसतं किरकोळ, आणि चरबीचं प्रमाण जास्त. यात डीएनएचा क्रम बदलायची गरज नाही. आईचं पोषण, तिच्या आईचं पोषण, गर्भातली वाढ, यांतूनही हे घडू शकतं. २००४ मध्ये याच अभ्यासाचे प्रमुख डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी स्वतःची मापं छापली: दोघांचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २२.३, शरीरातली चरबी मात्र २१.२ आणि ९.१ टक्के. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच जादा वजन धरतात, आणि कंबर पुरुषांत ९० सेंमी, स्त्रियांत ८० सेंमीच्या आत हवी असं सांगतात.

मुलांना एक कसोटी द्या: बदल किती पिढ्यांत झाला? भारतातलं दर स्त्रीमागे मुलांचं प्रमाण १९९२-९३ च्या पाहणीत ३.४ होतं, २०१९-२१ मध्ये २.० झालं, महाराष्ट्रात १.७. एका पिढीत जनुकांचं प्रमाण असं हलत नाही. हा बदल शिक्षण, बालमृत्यूतली घट, गर्भनिरोधनं आणि लग्नाचं वाढतं वय यांचा. उत्क्रांतीने कामेच्छा दिली आणि तान्ह्याबद्दलची माया दिली. मुलांचा आकडा तिने ठरवून दिलेला नाही.

उत्तर ५ : दूरदृष्टी

तिसऱ्या प्रश्नातल्या चित्रांना आधार नाही. वापर कमी झाला म्हणून अवयव पिढ्यान्‌पिढ्या आखडत नाहीत. बारीक हातपायांच्या माणसांना जास्त मुलं झाली, आणि तो बारीकपणा वंशाने आला, तरच तसं होईल. असं होत असल्याचा पुरावा नाही.

खरा बदल कसा दिसतो त्यासाठी कॅनडातल्या क्विबेक प्रांतातलं इल ओ कुद्र हे बेट सांगा. तिथे चर्चच्या नोंदवह्यांत जन्म, लग्न, मृत्यू सलग नोंदलेले आहेत. १७९९ ते १९४० या काळात लग्न झालेल्या स्त्रियांचं पहिल्या बाळंतपणाचं वय सुमारे २६ वरून २२ वर आलं. नुसता आकडा पाहून हे पोषण सुधारल्याने झालं की वंशाने, हे कळत नाही. संशोधकांनी वंशावळी लावून लांबच्या-जवळच्या नातेवाइकांची तुलना केली आणि वंशागत भाग वेगळा काढला. घसरणीचा बराचसा वाटा त्याला देता येतो, असा २०११ चा निष्कर्ष आहे. लवकर सुरुवात करणाऱ्यांना तिथे जास्त मुलं होत होती, इतकी साधी निवड. बेट लहान आणि बरंचसं एकाकी होतं, म्हणून तो आकडा सगळ्या माणसांना लावू नका.

यातून भविष्याबद्दल एवढं म्हणता येतं: मृत्यूतून होणारी निवड मंदावली, कारण बहुतेक मुलं आता मोठी होतात. कुणाला किती मुलं होतात यातून होणारी निवड चालूच आहे. पण तिची दिशा संस्कृती ठरवते, आणि संस्कृती दोन-तीन पिढ्यांत वळण घेते. त्यामुळे हजार वर्षांचं भाकीत करणाऱ्या कुणावरही विश्वास ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

जनुक-संपादनाचा प्रश्न येईलच. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने सिकलसेलवर क्रिस्परने (डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या तंत्राने) केलेल्या उपचाराला मान्यता दिली. त्यात सिकलचं जनुक दुरुस्त करत नाहीत. रुग्णाच्याच रक्तमूलपेशी काढून बीसीएल११ए जनुकाचा एक नियंत्रक तुकडा निकामी करतात, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. बदल रक्तापुरता राहतो, मुलांत उतरत नाही. याउलट २०१८ मध्ये चीनमध्ये भ्रूणांत बदल करून जुळ्या मुली जन्माला घातल्याचं जाहीर झालं. तो बदल पुढच्या पिढ्यांत जाऊ शकतो. तो शास्त्रज्ञ २०१९ मध्ये तीन वर्षांसाठी तुरुंगात गेला. भारतातही भ्रूणात असे बदल करून गर्भधारणा करण्यास मनाई आहे. हा फरक फळ्यावर दोन रकान्यांत मांडा. मुलांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

हिरवाचाफा

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका राहिली. मलेरिया काढल्यानंतर एखाद्या गटात लाल मणी कमी व्हायच्या ऐवजी वाढले तर मुलांना काय सांगायचं? गट सहा होतील.

लालपेशी

वाढू शकतात, आणि ती चूक समजून फेरी पुन्हा करायला लावू नका. पहिल्या फेरीत अपेक्षित घट ३३ वरून साधारण २८-२९, म्हणजे साडेचार-पाच मणी. शंभर जोड्यांत योगायोगाने होणारी हालचालही तेवढीच असते. त्यामुळे सहांपैकी एखाद्या गटात आकडा वर जाणं अपेक्षितच आहे. सहाही गटांची सरासरी काढलीत तर योगायोगाचा हिस्सा दोनेक मण्यांवर येतो आणि घट स्पष्ट दिसते. फळ्यावर प्रत्येक गटाची रेघ वेगळ्या रंगात काढा, सरासरीची जाड. वेळ उरला तर एका गटाला शंभराऐवजी वीसच जोड्या काढायला द्या. त्याची रेघ इतकी उड्या मारेल की लाल मणी पार संपूनही जातील. छोट्या, एकाकी वस्त्यांमध्ये जनुकं निवडीविनाही का हरवतात किंवा साठतात, ते तिथे दिसेल.